मास्तरच्या एकोणीस थापा

"थाप होती रे, थाप!" मास्तरने हसत आपली पानं गड्डीत घुसवली.

"आता पुन्हा?" कंपाउंडर वैतागला. "लेका, तू थापा मारायला कधी शिकलास?"

दर सोमवारी मास्तरचं शिवणाचं दुकान बंद असतं. त्या दुपारी आम्ही तिघे त्याच्या कापड बेतायच्या टेबलावर पोकर खेळतो, बटणांवर. मोठं बटण दहाचं, शर्टाचं एकाचं. मी निवृत्त मीटर रीडर. जन्मभर घरोघरचे पाण्याचे आकडे टिपले, आणि जित्याची खोड काही जात नाही, म्हणून पोकरचीही वही ठेवतो. कंपाउंडरचं साधं आहे. पानं चांगली आली की कान खाजवतो, शंभरातल्या एक्क्याऐंशी वेळा. मास्तरच्या नावावर चार वर्षांत थापा फक्त दोन होत्या. आणि गेल्या दोन महिन्यांत एकोणीस!

माझं डोकंच चालेना. साठीनंतर माणसाचा स्वभाव बदलतो का? बरं, बदलला म्हणावं, तर मेला एकदाही थाप पचवत नाही. शेवटपर्यंत ताणतो, पानं उघडतो, हरतो आणि वर हसतो.

घरी येऊन वही उघडली. उघडलेली पानंही मी टिपतो. एकोणीसही वेळा त्याला कलर हवा होता, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं. इस्पिकात किलवर घुसलेलं, नाहीतर बदामात चौकट. काळ्यात लाल मात्र एकदाही नाही. थापाड्या माणूस इतक्या शिस्तीत थापा मारतो? मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"अहो, त्या वहीतलं तोंड काढा आणि हे बघा," ही म्हणाली. तिच्या हातात माझा नवा कोट होता. "काळ्या कोटाला निळा दोरा! मास्तरांचं लक्ष कुठे असतं हल्ली? परत नेऊन द्या. आणि चांगलं सुनावा."

मी कोटाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. थापा नव्हत्याच त्या. मास्तरला नीट दिसत नव्हतं. शिंप्याला दिसत नाही हे एकदा कळलं की त्याच्याकडे कापड कोण टाकणार? त्यापेक्षा थापाड्या म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं असेल. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. आम्हाला तरी सांगायचं! पण आम्हाला म्हणजे कंपाउंडरलाही, आणि कंपाउंडरला सांगणं म्हणजे गावात दवंडी.

सोमवारी पिशवीत कोट घालून गेलो. काय बोलायचं ते वाटभर ठरेना.

"वहीवाल्या," पानं वाटता वाटता कंपाउंडर म्हणाला, "मास्तरची थाप कशी ओळखायची, सांग की. एवढं लिहितोस, त्यात काहीतरी सापडलं असेल."

बटणं मोजणारा मास्तरचा हात थांबला.

"डाव्या हाताने बटणं सरकवली की थाप," मी म्हणालो.

"हात्तिच्या! एवढंच?"

मास्तरने पानं उचलली. त्या दिवशी तो प्रत्येक डावात डाव्या हातानेच बटणं सरकवत होता.

कंपाउंडर गेल्यावर मास्तरने विचारलं, "पिशवीत काय आणलंयस?"

"काही नाही रे. कोट. बाही जरा लांब वाटते."

"थाप," मास्तर म्हणाला.

त्याने कोट ओढून मांडीवर घेतला.

"काळं रीळ दे. आणि सुई ओवून दे."

रिळांच्या खणातून काळं रीळ काढून मी सुई ओवून दिली.

"वहीत काय लिहिलंयस?"

"एकोणीस थापा."

"तसंच राहू दे," तो म्हणाला, आणि बोटांनी शिवण चाचपत निळा दोरा उसवू लागला.