दुसरं पाकीट

लोहाराच्या बोटाला सुई टोचली खरी, पण रक्ताचा थेंब मलेरियाच्या तपासणीपट्टीवरच्या भलत्याच खाचेत पडला. आरोग्यसेविकेने जीभ चावली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रक्ताला तोटा नाही, लोहार म्हणाला, पण ताईंचं लक्ष कुठं आहे?

लक्ष मागच्या गल्लीत होतं, शिंपिणीच्या घरात. सकाळी तिथं सुनेला मलेरिया निघाला होता. ताईंनी गोळ्यांची दोन पाकिटं दिली होती. एक तीन दिवसांचं, ताप उतरवायला. दुसरं चौदा दिवसांचं, तो पुन्हा उलटू नये म्हणून. हे दुसरं गरोदर बाईला चालत नाही असं सांगून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं. चादरीत गुरफटलेल्या सुनेने आधी दारात उभ्या सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि नाही म्हणाली. ताईंनी वहीत तसं लिहून पुढचं घर गाठलं. सासूदेखत हे विचारायचं नसतं, असं नव्या सेविकांना त्याच तर बजावत.

लोहाराला मलेरिया नव्हता. दुसऱ्या पट्टीवर तेवढं पाहून ताई उठल्या. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या होत्या आणि ऊन डोक्यावर आलं होतं. एरवी चार दारांशी थांबत जाणाऱ्या बाई आज हाकेलाही ओ न देता निघाल्या.

शिंपीण मशीनवर बसली होती. सून आत पडून होती.

"जेवली का?" ताईंनी धापा टाकतच विचारलं.

"दोन घास."

"आणि गोळ्या?"

शिंपिणीने पाय न थांबवता मशीनचा खण ओढला आणि दुसरं पाकीट ताईंच्या हातात दिलं. चौदाच्या चौदा गोळ्या जागेवर होत्या.

"पहिल्यातल्या दिल्या. हे सापडत नाही असं मीच तिला म्हणाले."

ताई तिथल्या स्टुलावर टेकल्या. "म्हणजे तिनं तुम्हाला सांगितलंय?"

"मला कोण सांगतंय."

मग ती हलक्या आवाजात बोलत राहिली. मागच्या दोन्ही खेपांना दिवस गेल्याचं सुनेने आधी तिलाच सांगितलं होतं. शिंपिणीच्या तोंडात तीळ भिजला नाही. सांजेपर्यंत गल्लीभर झालं. दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही, आणि त्याच गल्लीने मग पोरीला मान वर करू दिली नाही.

ताप दोन्ही जिवांना वाईट, आजच मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं, असं ताई म्हणाल्या.

"न्या की. रिक्षा मी बोलावते. पण तुम्ही ओळखलंत म्हणा. मला काही ठाऊक नाही."

ताई आतल्या दाराशी गेल्या. मशीनचा खडखडाट एकदम वाढला, तशी त्यांनी वळून पाहिलं. शिंपीण मान खाली घालून भराभर पाय मारत होती. सुईखाली कापड नव्हतं.