ताहेर मास्टरांचं माप

अहमदपूरच्या ताहेर मास्टरांच्या घराण्यात आजवर एकही पुरुष अंथरुणाला खिळला नाही. ही गोष्ट गावात आदरानं सांगितली जाते. कारण एवढंच, की अंथरुणाला खिळायच्या वयापर्यंत कुणी पोचलंच नाही.

वडील चाळिसाव्या वर्षी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेले. सुईसुद्धा मोडली नाही. चुलते त्रेचाळिसाव्या वर्षी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होते. गाडी आली तेव्हा ते नव्हते. थोरला भाऊ मोहसीन एकोणचाळिसाव्या वर्षी चहा पिताना गेला. तिन्ही वेळा लोक म्हणाले, "काय नशीबवान मौत. कुणाला तरास न्हाई."

मास्टर चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते. घराण्याच्या हिशेबानं तसा उशीरच झाला होता.

जानेवारीत डॉक्टर विशाखा मास्टरांच्या शिलाईच्या दुकानात आल्या. लातूरला हृदयरोगतज्ज्ञ, आठवड्यातून एकदा अहमदपुरात पेशंट बघायच्या. त्यांना खोल खिशांचे दोन एप्रन शिवून हवे होते. मास्टर माप घेत होते आणि बाई मास्टरांच्या बोटांकडे बघत होत्या. लांबसडक बोटं, वेताच्या छडीसारखी.

"मास्टर, टेप द्या जरा इकडं. हात पसरा."

मास्टरांनी आयुष्यात हजारो लोकांना हात पसरायला लावले होते. स्वतः पहिल्यांदाच पसरले.

"उंची त्र्याहत्तर इंच. हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या. "माणसाचे हात उंचीएवढेच भरतात साधारण. तुम्हाला ठाऊकच असेल."

"गावाचं ठाऊक हाय मॅडम. सोताचं माप कोण घेऊन राहिलं?"

"वडील काय करतात?"

मास्टरांनी अभिमानानं तिन्ही मौती सांगितल्या. सुईचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि उद्याच लातूरला या म्हणाल्या.

लातूरला सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, मग सीटी स्कॅन. हृदयातून निघून सगळ्या अंगाला रक्त पुरवणारी जी मोठी नळी असते, महाधमनी, ती मास्टरांच्या छातीत सुरुवातीलाच फुगली होती. साडेतीन सेंटीमीटर असायची, ती साडेपाच झालेली.

"कापड ताणून ताणून विरतं ना, तसं झालंय," बाई म्हणाल्या. "दुखत नाही म्हणून कळत नाही. एक दिवस फाटते. मशीनवर, स्टँडवर, चहा पिताना. फाटायच्या आत बदलली तर माणूस चांगला जगतो. आणि हे रक्तातून पुढं जातं. मुलांचीही तपासणी लागेल."

मास्टरांनी फाइल घेतली, घरी आले आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात अस्तरांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिली.

कारण लेकीचं, रुखसारचं लग्न ठरलं होतं. मुलगा नांदेडचा, माणसं चांगली, मंगनी झालेली, लग्न मे महिन्यात. बापाला खानदानी आजार आहे असं नांदेडला कळलं तर? म्हणून मास्टरांनी ठरवलं, एकदा लग्न होऊ द्यावं, मग बघू. वाचकहो, हसू नका. आपल्याकडे ‘लग्न होऊ द्या’ हे औषध सगळ्याच आजारांवर चालतं. चष्मा लग्नानंतर, दात लग्नानंतर, मिरगी लग्नानंतर. रोगानंही लग्नापर्यंत थांबावं, अशी आपली साधी अपेक्षा असते.

बारा दिवसांनी डॉक्टर विशाखा एप्रन न्यायला आल्या. दुकानात कोपऱ्यात मास्टरांच्या आई सुलतानबी शर्टांना काजं करत बसल्या होत्या, रोजच्यासारख्या.

"मास्टर, ऑपरेशनची तारीख घेतली?"

"मॅडम, बाह्या बघा की एकदा. लांब तर न्हाई झाल्या?"

"कसलं आपरेशन?" सुलतानबींनी विचारलं.

मास्टर बाह्यांकडे बघत राहिले. शेवटी बाईंनीच सगळं सांगितलं. सुलतानबी रडल्या नाहीत. सुई कापडात खोचून ठेवली.

"ह्याच्या अब्बाला हेच होतं?"

"तपासणी कुणी केली नव्हती, खात्रीनं नाही सांगता येत. पण बहुतेक हेच."

"आन् मोहसीनला?"

"बहुतेक."

"अम्मी, मे महिन्यापत्तर थांब," मास्टर म्हणाले. "रुखसारच्या सासरी कळलं तर रिश्ता तुटंल. खानदानी बीमारी म्हणतील."

"आन् मे महिन्याच्या आधी तू गेलास तर?"

"नशिबात असंल तसं. अब्बांसारखं. कुणाला तरास न्हाई."

सुलतानबींनी चष्मा काढला.

"कुणाला? तुझ्या अब्बाला झाला न्हाई, खरं हाय. मी बत्तीस वर्षांची होते, पदरात तीन लेकरं. तवापास्नं काजं करून राहिले. ही बोटं बघ, सरळ व्हत न्हाईत. मोहसीन गेला, त्याची शबाना आत भाकऱ्या थापून राहिली, तिला जाऊन इचार तरास कुणाला झाला. दर टायमाला लोक म्हणले, काय नशीबवान मौत. मी म्हणले हाव. इतकी वर्षं हाव म्हणून राहिले. आज न्हाई म्हणते."

"अम्मी, पण रिश्ता..."

"रिश्ता तुटला तर दुसरा बघू. लातूर हाय, उदगीर हाय, देगलूर हाय. पोरीला दुसरा बाप कंच्या गावात बघू?"

मास्टरांनी अस्तरांचा गठ्ठा उचलला आणि फाइल काढली.

लातूरचे सर्जन गुरुबसप्पा मूळचे उदगीरकडचे, कमी बोलणारे. फुगलेला भाग कापून काढायचा आणि त्या जागी कापडाची नळी शिवायची, असं त्यांनी सांगितलं. कापड म्हटल्यावर मास्टर खुर्चीत पुढे सरकले.

"बघू?"

सर्जननी नमुन्याची नळी हातात दिली. पांढरी, बारीक चुण्यांची. मास्टरांनी ती उजेडात धरली, ताणली, नखानं घासली.

"पॉलिस्टर."

"हो."

"इणलेलं हाय. आटंल का?"

"नाही."

"शिवणीला माया किती सोडता? टाके कंचे घालता?"

वीस वर्षांत गुरुबसप्पांना पेशंटांनी मटण कधीपासून खायचं एवढंच विचारलं होतं. त्यांनी कागद घेतला आणि टाके काढून दाखवले. मास्टरांनी चष्मा लावून बघितलं.

"जरा जवळ घाला," ते म्हणाले आणि संमतीपत्रावर सही केली.

ऑपरेशन सात तास चाललं. त्यात काही वेळ मास्टरांचं हृदय थांबवून त्याचं काम मशीनवर सोपवलं होतं. सुलतानबी बाहेर बाकावर बसल्या होत्या, हातात काम नसताना, बहुधा पहिल्यांदाच. दुपारी गुरुबसप्पा बाहेर आले.

"शिवलं," ते म्हणाले. "रक्त कुठं गळत नाही."

सुलतानबी बसल्या जागीच रडल्या, निवांत, पोटभर. शबाना शेजारी बसून रडली. दोघींनाही घाई नव्हती.

पुढे सहा आठवडे मास्टर घरी पडून होते. घराण्यातला अंथरुणावरचा पहिला पुरुष म्हणून गल्ली बघायला आली. सुलतानबी कौतुकानं दार उघडायच्या. "बघा. पडून हाय. पाणी पण हातात मागतो."

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. रुखसारची महाधमनी अगदी ठीक निघाली. धाकट्या मुलाची, मुज्तबाची, थोडी रुंद होती. त्याला एक गोळी आणि दरवर्षी तपासणी. अजून वेळ हातात आहे, असं डॉक्टर विशाखा म्हणाल्या. या घरानं हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

मग मास्टर स्वतः नांदेडला गेले आणि व्याह्यांसमोर सगळं बोलले. छातीवरचा व्रणही दाखवला.

"मास्टर, आमच्याकडूनबी एक सांगायचं राहिलं," व्याही म्हणाले. त्यांनी शर्टाची वरची तीन बटणं काढली. तिथंही तसाच व्रण होता, दोन वर्षं जुना. "बायपास. लग्न झाल्यावर सांगणार होतो."

तर नागरिकहो, बोध असा. दुखणं लपवून सोयरीक टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही. ज्या घरात तरणी माणसं त्रास न होता मरतात, त्या घरानं नशिबाचे आभार मानायच्या आधी डॉक्टर गाठावा. आणि अशा मौतीला कुणी सुखाची म्हणालं, तर मागं राहिलेल्या बाईला एकदा विचारून घ्यावं.

लग्न मे महिन्यात झालं. बिर्याणीत मीठ कमी होतं, दोन्ही व्याह्यांच्या हृदयाला जपून.