झुंबरबाईची पडवी

"एक पाय कमी असता हिचा, तर तेवढीच हलकी झाली असती," ओतूरच्या घेवरचंदांकडून मागून आणलेली खुर्ची डोक्यावरून उतरवत सोमाजी पाटील पुटपुटला.

झुंबरबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती पडवी सारवत होती. शाळा तपासणारे दिपोटी साहेब यायच्या आत शेण वाळायला हवं होतं. वाडीची शाळा तिच्याच पडवीत भरायची, फुकट. भगवंत मास्तरांची भाकरीही तिच्याच चुलीवरची. त्यामुळे वाडीत तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला आवडायचंही.

दुपारपर्यंत परीक्षा झाली. सतरा पोरांत तीन पास. झुंबरबाईचा बहिरू कोपऱ्यात बसून कोरी पाटी कोपरानं पुसत राहिला.

"ओतुरात सेहेचाळिसांतले चाळीस," हजेरीची वही चाळत दिपोटी म्हणाले. "तिथं चार मास्तर, बाकं, नकाशे. ते मान्य. पण हजेरी तुमची त्यांच्याहून सरस! पावसाळ्यातसुद्धा एक खाडा नाही?"

मास्तर पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"फळा फुटका हाय, सायेब," सोमाजी म्हणाला.

"फळा नवा पाठवता येईल. पण बारा महिने शाळा भरून हा निकाल, म्हणजे पोरंच मठ्ठ. तसंच लिहितो. बोर्ड असल्या शाळेवर खर्च करायचं नाही. बंद करील."

दिपोटींनी टाक दौतीत बुडवला. सोमाजीनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी भिंतीलगतच्या खुंट्यांकडं पाहिलं. खुंट्यांच्या बुडाशी गेल्या साली दाव्यांनी पाडलेले चरे सारवणातूनही दिसत होते. झुंबरबाईकडं मात्र कुणीच पाहिलं नाही. फुकट जागा देणाऱ्या बाईला तोंडावर कोण बोलणार?

बहिरूनं पाटी पालथी घातली.

"थांबा, सायेब," झुंबरबाई उंबऱ्यातून पुढं आली. पदर सावरला, पुन्हा सावरला. "पोरं मठ्ठ न्हाईत."

"झुंबरबाई, तुमी आत जा," मास्तर हळूच म्हणाले.

"गप बसा वो, मास्तर. माझ्या भिडंपायी तुमी हजेरीची खोटी वही भरली, आता ऐका." ती दिपोटींकडं वळली. "आखाड लागला की हितं मी माझी गुरं बांधते, सायेब. पार दिवाळीपातुर. तवर शाळा भरतच न्हाई."