डोळ्याला डोळा

नाटकातली मारामारी म्हणजे लुटुपुटूचा खेळ असं ज्याला वाटतं, त्याने पालेमियाकाकांचं तोंड बघावं. समोरचे दोन दात गेले, ओठ फाटला, तालमीच्या फरशीवर रक्त सांडलं. आणि मारणारा इयोसुआ जागच्या जागी थिजलेला, मूठ अजून वळलेलीच.

"डोळ्यांत बघ म्हणून घसा फोडून सांगते ना मी!" नाटक शिकवणाऱ्या हुइयाबाई कडाडल्या. "मार खाणाऱ्याने मान हलवून खूण केल्याशिवाय हात उचलायचा नाही. इथे मालक तो असतो, मारणारा नाही!"

बाईंचं खरं होतं. पण पोराने तरी काय करावं? ओटाहुहू उपनगरातल्या, सामोआ बेटांवरून आलेल्या घरात वाढलेला. थोरांच्या डोळ्याला डोळा दिला की कानाखाली बसते, हे तो बोलायच्या आधी शिकला. नाटकात तो बापाला मारणारा मुलगा, आणि बाप झालेले पालेमियाकाका. पन्नाशी उलटलेले, टॅक्सी विकून कॉलेजात आलेले, वर त्याच्याच चर्चमधले! काका समोर आले की नजर आपसूक जमिनीवर. काकांनी मान हलवलीच नव्हती, मागेही सरकले नव्हते. त्याला दिसलंच नाही.

"सोमवारी शेवटची संधी," बाई म्हणाल्या. "नजर खाली गेली, तर तू या वर्गातून बाहेर."

काका तोंडाला फडकं दाबून हसले. "गाढवा, मान मला चर्चमध्ये दे. इथे डोळे दे. उरलेत तेवढे दात तरी राहू देत."

काका मोठ्या मनाचे, पण जिभेला हाड नाही. रविवारी चर्चच्या अंगणात त्यांनी तोंडाची खिंड दाखवत साऱ्यांना हसवत गोष्ट सांगितली. इयोसुआचा बाप तिथेच उभा होता. तो मात्र हसला नाही.

घरी तारोचे उकडलेले कंद आणि मटण ताटात तसंच राहिलं. बापाने कंबरेचा पट्टा ओढला.

"बस खाली! वडीलधाऱ्याचे दात पाडतोस? चर्चमध्ये माझं नाक कापलंस! कॉलेज बंद. उद्यापासून माझ्याबरोबर कत्तलखान्यात."

चटईवर मांडी घालायची, मान खाली घालायची, मार खायचा, 'हो बाबा' म्हणायचं. आजवर असंच चाललं होतं. पहिला फटका पाठीवर बसला. दुसऱ्याला बक्कल कानाला लागलं आणि कान फाटला. आई किंचाळली, "अहो, मरेल तो!"

इयोसुआने डोळे वर केले.

बापाचे डोळे पिंगट आहेत, हे त्याला आज कळलं.

"खाली बघ!"

तो बघत राहिला. बापाने पट्टा फेकला आणि ठोसा मारला. नाकातलं काहीतरी कडकन मोडलं, रक्त हनुवटीवरून चटईवर गळायला लागलं.

"खाली बघ म्हणतो ना, हरामखोरा!"

पुढचा ठोसा डाव्या डोळ्यावर आला. तो डोळा मिटला तो मिटलाच. उजवा उघडाच राहिला. इयोसुआला भयंकर भीती वाटत होती, पण नजर हलली नाही.

"मी मान हलवलेली नाही, बाबा," तो म्हणाला. "उद्या मी कॉलेजला जाणार."

बापाला यातलं निम्मं कळलं नाही. त्याने हात पुन्हा उगारला. त्या एका डोळ्यासमोर तो खाली आणणं काही त्याला जमेना. शेवटी बापच नजर चुकवून परसात निघून गेला. मागच्या दाराशी तो बराच वेळ खोकत होता.

सोमवारी तालमीत इयोसुआ काकांसमोर उभा राहिला. नाकावर पट्टी, कानाला टाके, डावा डोळा सुजून बंद.

त्याने मूठ वळली आणि उघडा डोळा काकांवर रोखला. काका मान हलवतील म्हणून थांबला.

काकांनी ते तोंड पाहिलं. आपण अंगणात काय हसवून आलो ते त्यांना कळलं, आणि त्यांची नजर जमिनीला खिळली.

"काका," इयोसुआ म्हणाला, "वर बघा. नाहीतर लागेल तुम्हाला."