होडेलीव्हची पिन

ओमेर दर रविवारी अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे टक लावून बसायचा. फ्रान्समध्ये सोडलेली शर्यतीची कबुतरं कधी उतरतील याचा नेम नाही, आणि उतरल्या उतरल्या वेळ नोंदवली नाही तर शर्यत गेली बोंबलत. चाळीस वर्षं त्याची बायको होडेलीव्ह रविवारी एकटीच जेवत आली होती. येत्या रविवारी मात्र तिची सत्तरी होती, आणि त्या दिवशीही नवऱ्याच्या रिकाम्या जागेकडे बघत घास गिळायची तिची मुळीच तयारी नव्हती.

बाई हट्टाची. वाचनालयातल्या वर्गाला गेली आणि तळहाताएवढा संगणक घेऊन आली. त्याच्या कडेला पिनांच्या दोन रांगा.

"ही खबर आत आणणारी, ढाबळीच्या झडपेची," ती वायर खोचत म्हणाली. "हिला मध्येच बोलायचा हक्क दिलाय. कबुतराने झडप ढकलली की संगणक हातातलं टाकून आधी हिचं ऐकणार. आणि ही हुकूम बाहेर नेणारी, स्वयंपाकघरातल्या घंटीची. त्याला आभाळाकडे बघत बसावं लागत नाही. तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो."

"आणि ही?" ओमेरने तिसऱ्या पिनेकडे बोट दाखवलं.

"ती माझी. तुला काय करायचंय?"

शनिवारी ओमेरने झडप ढकलून पाहिली. घंटी ढिम्म.

"राहू दे बाई. मी आपला उद्या खुर्चीतच बरा."

चष्मा चढवून होडेलीव्ह पुन्हा पिना मोजायला बसली, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर टपाल वाटलेली बाई ती. पिनाही तिने गल्लीतल्या घरांसारख्या मोजल्या होत्या, एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. प्रोग्रॅम मात्र चिपने ठरवलेले आकडे धरून चालत होता. त्याची बावीस नंबरची पिन पंधराव्या घरात राहत होती.

"एक पत्र कधी चुकवलं नाही मी," ती पुटपुटली आणि वायरी उपटून नीट खोचल्या.

रविवारी आलुबुखार घातलेलं सशाचं मटण ताटात पडलं आणि घंटी वाजली. ओमेर धावला. वेळ नोंदवली, आणि सवयीने तिथेच खुर्चीत बसून आभाळाकडे बघायला लागला. तोच ढाबळीवर तिच्या त्या तिसऱ्या पिनेचा लाल दिवा मिचमिचू लागला. खिडकीत होडेलीव्ह बटणावर बोट दाबून उभी होती.

तो खुर्चीच उचलून आत घेऊन आला.

"हे आधी का नाही केलंस?"

"चाळीस वर्षं हाका मारतेय. तुझ्याकडे पिनच मोकळी नव्हती."

ओमेर ओशाळला. घंटी पुन्हा वाजली. त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या ताटात बटाटे वाढायला घेतले.