निळ्या ठिपक्याचं अंडं

माझा धाकटा भाऊ वन्यजीव खात्यात साहेब आहे. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय, पण सभागृहात तो बोलायला उभा राहिला की मीसुद्धा गप्प बसते.

लांडगा आमची मेंढरं उचलायला लागला, तेव्हा सगळे मेंढीवाले त्याला मारायची परवानगी मागायला त्याच सभागृहात जमलो होतो. साहेबांनी आम्हाला असं झाडलं की विचारू नका. "भूक लागली म्हणून कुणाला गोळी घालतात का? लांडगा तुमच्या आधीपासून इथे आहे!" सख्ख्या भावाचा शब्द कसा मोडायचा? मी हट्ट सोडला, आणि मग नाकं मुरडत बाकीच्यांनीही.

बदल्यात त्याने मला राखणीसाठी कुत्र्याचं एक पिल्लू आणून दिलं. त्याला कुरवाळायचं नाही, मेंढरांतच वाढवायचं, म्हणजे ते स्वतःला मेंढीच समजेल. शिवाय रोज सकाळी कुंपणाच्या आत गवतात एक अंडं लपवायचं, रोज नव्या जागी. अंडं हुडकायच्या नादात कुत्रा सगळी हद्द हुंगून येतो आणि त्याचा वास लागला की लांडगा लांब राहतो. युक्ती लागू पडली. अंडं खायचं, मेंढरांत ऐसपैस पसरायचं आणि सगळ्यांनी मर्जी सांभाळायची, असा त्याचा थाट. माझा नवरा त्याला जावई म्हणायला लागला. जावई आल्यापासून एक कोकरूही गेलं नाही. मी त्याला कधी थोपटलं नाही, पण जीव जडला तो जडलाच.

मग साहेबांच्या अंगावर पक्ष्यांची जबाबदारी आली. आमच्या कुंपणापलीकडच्या पाणथळीत कुठलेसे दुर्मिळ पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि कोल्हे त्यांची अंडी फस्त करतात. एक दिवस तो तोंड पाडून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"ताई, कोल्हे मारावे लागणार. विषाची अंडी ठेवतोय."

"का रे? कोल्ह्याला भूक लागत नाही वाटतं?"

"ते वेगळं आहे. हे संवर्धन आहे."

"आणि माझी मेंढरं काय होती?"

"मेंढरं बाजारात मिळतात, ताई. हे पक्षी कुठून आणू?"

बोलण्यात त्याचा हात कोण धरणार! मी एवढंच विचारलं, "आणि जावई?"

"अंडी पाणथळीत आहेत. जावई कुंपण ओलांडतो का?"

"नाही."

"मग झालं तर! शिवाय प्रत्येक अंड्यावर निळा ठिपका मारलाय, कुणी चुकून उचलायला नको."

जावयाला रंगातलं काय कळतं, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण साहेबांनी सगळा विचार केलेला असतो, असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात.

त्यानंतर एका सकाळी मी नेहमीसारखी अंडं घेऊन निघाले, तर जावई कुंपणाच्या आतच आडवा पडला होता. मेंढ्या त्याच्याभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या. शेजारी माती उकरलेली आणि तिच्यात कवच, निळ्या ठिपक्याचं. माझं अंडं अजून माझ्या हातातच होतं. मी खाली बसले आणि त्याला पहिल्यांदाच थोपटलं. मग मोठ्याने रडले.

भाऊ धावत आला. उकरलेली माती पाहून त्याचा चेहरा उतरला.

"कोल्हा अंडं लगेच खात नाही, ताई. तोंडात धरून नेतो आणि लांब कुठेतरी पुरून ठेवतो. तुझ्या कुंपणाखालून आत आला असणार."

"म्हणजे कोल्हा जिवंत आहे?"

"असेल."

"आणि हे तुला कधी कळलं, पुरून ठेवतो ते?"

"कॉलेजात," तो खाली बघत म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा फाटकाशी आला. कुशीत एक पिल्लू होतं, जावई आला तेव्हा होता तेवढंच.

"ताई, हे घे. लांडगा परत यायला लागेल."

आजवर मी त्याला साहेब पाठीमागेच म्हणायचे, पण त्या दिवशी तोंडावर विचारलं, "याला काय शिकवू, साहेब? अंडं हुडकायला, की अंड्याला घाबरायला?"

सभागृह गाजवणाऱ्या माझ्या भावाने नुसतं पिल्लू पुढे केलं.

पिल्लू मी घेतलं, त्याचा काय दोष? त्याला पाणी दिलं. भावाला पाणीही विचारलं नाही.