चोपन्न नंबरची सायकल

रुग्णालयाच्या शिलाई विभागात तिला सगळे कात्रीबाई म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. एकोणीस वर्षं ती डॉक्टरांचे डगले, रोग्यांचे अंगरखे, खाटांच्या चादरी आणि वॉर्डांचे पडदे कापत आली होती, आणि इतक्या वर्षांत तिच्या हातून वीतभर कापड वाया गेलं नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, म्हणून सगळ्यांना माहीत होतं. नवरा त्याच रुग्णालयात तळमजल्यावर मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचा. तिच्यापेक्षा चार बोटं बुटका आणि चार माणसांइतका शांत. लग्नात लोक जोडीला हसले होते. पुढे त्यांनाही दुसरी कामं लागली.

रुग्णालयाने एक दिवस फर्मान काढलं, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हजेरी सकाळी सातला. यांच्या वस्तीतून पहिली बसच सातला सुटायची, आणि रुग्णालय सोळा किलोमीटर लांब. सातनंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण. महिन्यात तीन लाल खुणा झाल्या की नोकरीला रामराम. स्कूटर घेण्याची ऐपत नव्हती आणि रुग्णालयाजवळ खोली घेण्याची तर त्याहून नव्हती. शेजाऱ्याची जाडजूड सायकल मागून नवऱ्याने एकदा रस्ता करून पाहिला. मधल्या चढावर ती सायकल त्याला नेत नव्हती, तोच तिला नेत होता. दीड तास लागला.

मग कुणीतरी त्यांना रोडबाईकचं सांगितलं. बारीक चाकं, हलका सांगाडा, खाली वळलेलं हँडल. शर्यतीच्या महागड्या नव्हेत, नवशिक्यांसाठीच्या साध्या. त्याही मागच्या वर्षीच्या उरलेल्या, म्हणून जोडीने स्वस्त मिळत होत्या. नणंदेने हे ऐकलं आणि ती हसत सुटली. पन्नाशीत मेंढ्यासारखी मान खाली घालून दोघं रस्त्याने जाणार, लोक काय म्हणतील, हे तिचं पहिलं म्हणणं. दुसरं तिने चहा घेताना अगदी मायेने सांगितलं, आणि जिव्हारी लागलं ते तेच.

"एकच चांगलीशी घ्या, वहिनी. दादा जाईल. तू आता बस घरी, पुष्कळ केलंस."

नवरा काही बोलला नाही, पण तो कधीच काही बोलत नसे. कात्रीबाईला मात्र त्या दिवसापासून शिलाई विभागातलं आपलं टेबल स्वप्नात दिसायला लागलं. खिडकीजवळचं, कडांना खाचा पडलेलं, लांबलचक टेबल, आणि त्याच्यामागे उभी असलेली दुसरीच कुणीतरी बाई. सायकल एकच आली तर कुणी घरी बसायचं हे घराने, वस्तीने, नातेवाइकांनी न विचारता ठरवून टाकलं होतं. म्हणून तिने मनाशी गाठ मारली: सायकली दोन येतील, नाहीतर एकही नाही.

सायकलवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. नखांत कायमचं काळं वंगण, बोलणं मोजकं. त्याने समजावलं, की या सायकली दुकानात नाहीत, गोदामातून मापाप्रमाणे मागवायच्या. जुना माल म्हणून परत घेतल्या जात नाहीत. सगळं गणित पायांच्या आतल्या बाजूच्या लांबीवर; पाय जितका लांब, तितका सायकलचा नंबर मोठा. त्याने टेप उचलून मी घेतो माप म्हटलं, तेवढ्यात कात्रीबाईच्या कपाळावर आठी आली. एकोणीस वर्षं अख्ख्या रुग्णालयाला कपडे चढवणाऱ्या बाईला हा माप शिकवणार! घरून घेऊन येते, म्हणाली, आणि त्याच्या हातातला कोरा अर्ज घेऊन ताठ मानेने बाहेर पडली.

रात्रीची भांडी झाल्यावर तिने नवऱ्याला भिंतीला टेकवून अनवाणी उभं केलं, टेप लावली, मग त्याला टेप धरायला लावून स्वतःचं माप घेतलं. दोन्ही आकडे सुबक अक्षरात अर्जावर उतरले. पंधरा दिवसांनी सायकली आल्या, निळी आणि करडी. नवरा आपल्या एक्कावन्न नंबरच्या सायकलवर टांग टाकून उभा राहिला, तर टाचा जमिनीला लागेनात. पुढच्या दांडीने असं काही टोचलं की शांत माणूसही कळवळला. तिची चोपन्न नंबरची. तिच्यावर ती बसली तर हँडल परगावी असल्यासारखं लांब. ती उतरली आणि तिथेच, भर दुकानात, सायकलवाल्याला जे बोलायचं ते सगळं बोलली. आम्ही गरीब म्हणून उरलासुरला माल गळ्यात मारता का, मापं दिली होती पांढऱ्यावर काळं करून, इथपर्यंत गेली.  त्याने तिचा अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला.

तिने आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग पर्समधली टेप काढून नवऱ्याला तिथेच उभं केलं आणि मोजलं. अर्जावरचा आकडा दीड इंचाने जास्त होता. तिचाही दीड इंचाने जास्त. कापड कापताना शिवणीसाठी दीड इंच माया सोडायची, ही सवय हातात इतकी मुरलेली की आकडा डोक्यातून कागदावर येतानाच तिने तो वाढवला होता. माणसांना शिवण नसते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, आणि त्या तिनेच मारल्या होत्या. कान तापले. एकोणीस वर्षांत जे झालं नाही ते नेमकं आपल्याच पायांवर झालं.

"चूक माझी आहे," ती सायकलवाल्याला म्हणाली. "मघाशी बोलले ते सगळं मागे घेते."

त्याने मान हलवली आणि निळी, एक्कावन्नची, तिच्याकडे सरकवली. बसून बघा, म्हणाला. ती बसली. शिवून घेतल्यासारखी बसली सायकल. पाय, पाठ, हात, सगळं जागच्या जागी. नवऱ्यासाठी चुकीच्या मापाने आलेली सायकल बायकोला तंतोतंत बसत होती, आणि नवऱ्याला बसेल अशी दुकानात एकही नव्हती.

घरी परतताना नवरा बसच्या खिडकीतून बाहेर बघत होता. वस्ती जवळ आल्यावर म्हणाला, "मग मी घरी बसतो."

इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की आधी तिला अर्थच लागला नाही. रुसवा नव्हता, उपकार नव्हते. सायकल तिला बसते, तर ती जाईल. त्याच्या लेखी हिशोब संपला होता.  इतके दिवस सगळं जग तिला घरी बसवायला निघालं असताना हा माणूस गप्प होता म्हणून तिने मनातल्या मनात त्याच्यावर राग धरला होता. आणि आता वाटलं, की हे वाक्य आपण तरी कधी त्याच्यासाठी इतक्या सहज म्हटलं असतं का. नसतं म्हटलं. प्लास्टरची खोली सोडून हा घरात काय करेल, हेही तिला माहीत होतं. लोकांची हाडं जुळवणारा हात भाजी निवडत बसेल, आणि एक शब्द बोलणार नाही.

"कुणी बसायचं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर ती थेट दुकानात. सायकलवाल्याने डोकं खाजवून सांगितलं, की गोदामात अठ्ठेचाळीसची एक शिल्लक आहे, रंग खरवडलेली. पण चोपन्नची ही करडी गोदाम परत घेणार नाही, इथे पडून राहिली तर मी खड्ड्यात. हिला गिऱ्हाईक आणा, ती मी स्वतः जाऊन दोन दिवसांत आणून देतो. एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ कात्रीबाई दुकानाच्या दारात उभी राहायला लागली, गळ्यात टेप. रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या चालीवरून पायाची लांबी ओळखणं तिला जड नव्हतं. रोग्यांच्या विजारी काय कमी कापल्या होत्या? हा आखूड, हा आखूड, हा लांब पण पोट फार. जो लांब दिसेल त्याला ती अदबीने हाक मारायची आणि सायकल चालवता का म्हणून विचारायची. बहुतेक लोक वाट बदलून जायचे. एक जण म्हणाला, पोटापाण्याचं चालवतोय तेच पुष्कळ झालं. नणंदेच्या कानावर गेलं तेव्हा तिने हात टेकले.

चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं. पतपेढीतला कारकून, करड्या रंगावर भाळलेला, पैसे खिशात तयार. सायकलवाल्याचा जीव भांड्यात पडला. कात्रीबाईने टेप काढली, कारकुनाला उभं केलं आणि मोजलं. दोन इंच कमी.

क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. त्याला काय कळतंय, आठवडाभर मिरवेल आणि मग खुंटीला टांगेल. तिचं टेबल, नवऱ्याची खोली, सगळं त्या दोन इंचांवर येऊन थांबलं होतं. पण टेप हातात धरून खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "तुम्हाला मोठी होईल," ती म्हणाली. "पाठ धरेल. घेऊ नका." कारकून आभार मानून गेला. सायकलवाल्याने कपाळाला हात लावला, तो वंगणाचा पट्टा घरी जाईपर्यंत तिथेच होता.

सातव्या दिवशी शाळेत खेळ शिकवणारी एक उंच बाई चाकात हवा भरायला आली. भावाची जुनी सायकल, तिच्यावर गुडघे हनुवटीला लागत होते. कात्रीबाईने मागून पाहिलं आणि टेप काढायचीही वाट पाहिली नाही. "एकदा हिच्यावर बसा," तिने करडी पुढे केली. उंच बाई बसली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि उतरायचं नाव घेईना. तरी कात्रीबाईने माप घेतलंच. बरोबर चोपन्न. या वेळी एक सूतही वाढवलं नाही.

अठ्ठेचाळीसची सायकल तीस तारखेला संध्याकाळी पोचली. नवऱ्याने तिच्यावर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या आणि लहान मुलासारखा हसला. सरावाला वेळच नव्हता.

एक तारखेला पावणेसहाला दोघं निघाले. उजाडत होतं, रस्ता रिकामा होता. सपाटीवर सायकली अशा पळाल्या, की कात्रीबाईला आपण इतकी वर्षं बसमध्ये का उभे राहिलो याचं नवल वाटलं. चढाच्या मध्यावर मात्र नवऱ्याने घाईत गिअर बदलला आणि साखळी उतरली. ती थांबली, एक पाय खाली टेकून. त्याने सायकल उलटी केली, बोटं काळी झाली, साखळी काही दात धरेना. हाडं जुळवणं वेगळं आणि हे वेगळं.

"तू जा," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"तू थांबलीस तर दोन लाल खुणा. गेलीस तर एक. जा."

एवढ्या वर्षांत तिने त्याला मागे टाकून एक पाऊल टाकलं नव्हतं; बाजारातसुद्धा तो पिशवी सावरेपर्यंत थांबायची. आता तिने पाय पेडलवर ठेवला आणि निघाली. मागे वळून पाहिलं असतं तर थांबली असती, म्हणून पाहिलं नाही. डोळ्यांना पाणी येत होतं, ते वाऱ्याचं नव्हतं. चढ संपला, उतार आला, आणि सात वाजायला तीन मिनिटं असताना तिने हजेरीपटावर निळ्या शाईने सही केली. मग वर टेबलाकडे न जाता तिथेच उभी राहिली.

सात वाजले. हजेरी कारकुनाने लाल पेनचं टोपण काढलं. सात वाजून सहा मिनिटांनी नवरा आला, घामाने निथळत, कोपरापर्यंत काळा. सही करताना पटावर बोटांचे ठसे उमटले. कारकुनाने त्याच्या नावापुढे लाल खूण केली आणि चुकचुकला.

"या वयात कशाला ही धावपळ," तो म्हणाला. "एकाने बसावं की घरी." बोलता बोलता त्याने सवयीने कात्रीबाईकडे पाहिलं. मग पटाकडे पाहिलं. तिच्या नावापुढे निळं, त्याच्या नावापुढे लाल. सल्ला नेमका कुणाला द्यायचा हे त्याला कळेना, आणि तो पेनचं टोपण शोधायला लागला.

"उद्या दहा मिनिटं आधी निघू," नवरा हात पुसत म्हणाला.

"वीस," कात्रीबाई म्हणाली. "आणि संध्याकाळी आधी दुकानात. साखळी चढवायला दोघंही शिकू."

तो तळमजल्यावर वळला आणि ती जिना चढून आपल्या टेबलाशी गेली. चाळीस चादरी कापायच्या होत्या.